विंडोज ११ च्या लॅपटॉपवर विंडोज १० टाकताना

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांत, विश्रामबागेतील करसल्लागारांच्या कार्यालयांत आणि आसपासच्या गावांतील पतसंस्थांत अलीकडे जे नवे लॅपटॉप येतात ते विंडोज ११ घेऊनच येतात; त्यांना जोडायचा वजनकाटा, पट्टी छापायचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि हिशेबाचा प्रोग्राम मात्र बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचाच असतो. दुकानाचे दिवाणजी पहिल्याच दिवशी सांगतात की काट्याचा आकडा संगणकात येत नाही, आणि मग "यावर जुनी विंडोज टाकून द्या" अशी मागणी होते. ओळखीच्या दुकानांसाठी ही कामे करताना माझी एक गोष्ट पक्की झाली आहे: विंडोज बदलण्याचे प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते, पण ते नीट झाले की नाही हे त्याआधीच्या एक-दोन दिवसांत ठरलेले असते. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली आणि तिची २२एच२ ही शेवटची आवृत्ती ठरली. विस्तारित सुरक्षा योजनेत नोंद केलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. त्या नोंदणीविषयी पुढे लिहिले आहे. विंडोज ७ पर्यंत मागे जाण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. तिचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजीच थांबला आणि यूएसबी ३.० किंवा एनव्हीएमई एसएसडी (आजच्या लॅपटॉपमधील वेगवान डिस्क) ओळखण्याचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम, तिच्या मूळ डिस्कमध्ये नाहीत, त्यामुळे आजच्या लॅपटॉपवर ती बसवताना कीबोर्ड, माउस आणि डिस्क या तिन्हींवर अडायला होते.

मागे जाण्याची खरोखर गरज आहे का

काट्याची अडचण पुष्कळदा विंडोजमध्ये नसून केबलमध्ये असते. वजनकाट्यातून येणारी जोडणी जुन्या सिरियल पद्धतीची असते आणि ती लॅपटॉपला यूएसबी-सिरियल केबलने जोडावी लागते. या केबलच्या टोपणात एक छोटी चिप असते. पीएल२३०३ मालिकेतील टीए ही चिप विंडोज १० वर चालते, पण विंडोज ११ साठी तिचा ड्रायव्हर नाही. डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारे विंडोजचे पान) उघडल्यावर त्या चिपच्या नावापुढे ही विंडोज चालणार नाही असा संदेशच लिहिलेला दिसतो. असा संदेश दिसला तर नव्या चिपची केबल आणावी, ती काही शे रुपयांत मिळते आणि लॅपटॉपला हात लावावा लागत नाही. डिव्हाइस मॅनेजर न उघडता थेट फॉरमॅट करायला बसणे मला कधीच पटलेले नाही.

डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या परवान्याच्या खुंटीवर, चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामचे कारण वेगळे असू शकते. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचे एक संरक्षण अनेक लॅपटॉपवर सुरुवातीपासून चालू असते आणि ते जुने ड्रायव्हर आत येऊ देत नाही. विंडोज सिक्युरिटीमधील डिव्हाइस सिक्युरिटी, त्यातील कोअर आयसोलेशन या पानावर कोणता ड्रायव्हर अडवला आहे त्याची यादी मिळते. आधी त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती विक्रेत्याकडे मागावी. ती नसेल तरच हे संरक्षण बंद करून पाहावे, आणि त्याने सुरक्षा काही प्रमाणात कमी होते हे मालकाला सांगूनच ते करावे.

तिसरा प्रकार डॉसच्या काळातील प्रोग्रामचा आहे. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले अडतीचे प्रोग्राम अजूनही काही दुकानांत विश्वासाने वापरले जातात, आणि त्यांच्यासाठी विंडोज १० हवी अशी समजूत असते. येथे नीट फरक करावा लागतो. डॉसचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतच नाहीत, मग ती १० असो वा ११. ते चालतात फक्त ३२ बिट विंडोजवर. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही आणि विंडोज १० ची आहे, एवढ्यापुरती ती समजूत खरी. परंतु ३२ बिट विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू शकत नाही, आणि ती सुरू होण्यासाठी लागणारी जुनी लेगसी बूट पद्धत नव्या अनेक लॅपटॉपच्या बायोसमधून (लॅपटॉप सुरू करणाऱ्या अंगभूत प्रणालीतून) काढून टाकलेली आहे. अशा दुकानदाराने विंडोज ११ तशीच ठेवून डॉसबॉक्स-एक्स या मोफत प्रोग्राममध्ये आपला जुना प्रोग्राम चालवून पाहावा. त्यातून प्रिंटरवर छपाईही करता येते.

हे तिन्ही उपाय करून पाहिल्यावरही अडचण राहिली, किंवा यंत्राच्या विक्रेत्याने फक्त विंडोज १० साठीच पाठिंबा देतो असे लेखी सांगितले, तर मागे जाणे योग्य ठरते.

दहा दिवसांची सवलत

लॅपटॉप मुळात विंडोज १० चा होता आणि नुकताच अपडेटमधून ११ वर गेला असेल, तर पुढचा बराच खटाटोप वाचतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिकव्हरी आणि तेथे गो बॅक हे बटण असते. अपग्रेडनंतर दहा दिवस ते चालते आणि कागदपत्रे, छायाचित्रे जागेवर राहतात. अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. हे सारे सी ड्राइव्हवरील विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरच्या आधारावर होत असल्याने जागा मोकळी करण्याच्या नादात ते फोल्डर कोणी पुसले असेल तर बटण निकामी होते. विंडोज ११ घेऊनच विकत आलेल्या लॅपटॉपला ही सवलत नाही.

लॅपटॉप पात्र आहे का

लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन, खाली चिकटवलेल्या पट्टीवरचा अनुक्रमांक देऊन ड्रायव्हरचे पान उघडावे आणि तेथे ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत विंडोज १० आहे का ते पाहावे. असेल तर निश्चिंतपणे पुढे जावे. नसेल तर वायफाय, टचपॅड, आवाज किंवा बोटाचा ठसा वाचणारे यंत्र यांपैकी काहीतरी बंद राहण्याची शक्यता मोठी असते आणि माझा सल्ला तेथेच थांबण्याचा आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून अनेक प्रोसेसरमध्ये वेगवान आणि काटकसरी अशा दोन प्रकारचे गाभे असतात. त्यांच्यात काम वाटण्याची व्यवस्था विंडोज ११ मध्ये अधिक चांगली आहे, म्हणून अशा लॅपटॉपवर विंडोज १० चालली तरी काम थोडे उणे वाटू शकते. स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर विंडोज १० चा विचारच करू नये.

परवान्याचे पाहायचे तर सेटिंग्जमधील सिस्टिम, अबाउट या पानावर होम आहे की प्रो हे वाचून कागदावर लिहून ठेवावे. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोज ११ प्रोच्या परवान्यात विंडोज १० प्रो वापरण्याचा अधिकार दिलेला असतो. होमच्या परवान्यात तसा अधिकार नसतो. व्यवसायासाठी लॅपटॉप घ्यायचा असेल आणि जुनी यंत्रे जोडायची असतील, तर खरेदीच्या वेळीच प्रो घेणे शहाणपणाचे आहे. दोनशे-तीनशे रुपयांत कोणी विंडोजची की (परवान्याचा क्रमांक) विकत असेल तर ती घेऊ नये.

माहितीची प्रत

येथे घाई करणाऱ्याचे सर्वाधिक नुकसान होते. सी ड्राइव्ह पुसला जाणार आहे असे धरूनच चालावे आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स ही फोल्डरे उतरवावीत. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पुष्कळदा मालकाच्या नकळत वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठ्यात गेलेली असतात. अशा फाइलच्या नावापुढे ढगाचे चिन्ह असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, फक्त तिचे नाव दिसत आहे. त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून "या उपकरणावर कायम ठेवा" या अर्थाचा पर्याय निवडावा, सर्व चिन्हे हिरवी होईपर्यंत थांबावे आणि मगच प्रत घ्यावी.

टॅलीप्राइममध्ये ऑल्ट व वाय या कळा दाबून बॅकअप घ्यावा आणि शिवाय संपूर्ण डेटा फोल्डरही वेगळे उतरवून ठेवावे. त्यानंतर परवाना सरेंडर करण्यास विसरू नये. तो त्या संगणकाशी जोडलेला असतो आणि सरेंडर न करता फॉरमॅट केला तर नव्या विंडोजवर तो पुन्हा चालू करताना अडथळा येतो. डिजिटल स्वाक्षरीची काळजी करण्याचे कारण नाही, कारण प्रमाणपत्र टोकनच्या, म्हणजे तिच्या यूएसबी खुंटीच्या, आत असते. फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि त्याचा पासवर्ड हाताशी असावा.

मराठी टंकांकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा व्यवस्थांमध्ये हजारो पत्रे, ठराव, इतिवृत्ते आणि लग्नपत्रिका टंकलिखित झाल्या. त्या फाइलींत मराठी अक्षरे साठवलेली नसून इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, आणि विशिष्ट टंक त्या संकेतांवर मराठी आकृती चढवतो. टंक गेला की वीस वर्षांची इतिवृत्ते निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या ओळी होऊन बसतात. एका सहकारी संस्थेत मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे: कोणीतरी घाईने फॉरमॅट केला होता, फाइली सगळ्या होत्या, आणि एकही वाचता येत नव्हती. तेथील जुन्या, बाजूला ठेवलेल्या संगणकावर तो टंक सापडला म्हणून काम भागले. तेव्हा विंडोजच्या फोल्डरातील फॉन्ट्स हे संपूर्ण फोल्डर उतरवून ठेवावे, टंकलेखनाच्या प्रोग्रामची सीडी, डोंगल किंवा अनुक्रमांक शोधून ठेवावा, आणि महत्त्वाच्या कागदांची त्याच दिवशी पीडीएफ करून घ्यावी.

प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत मी प्रत मानत नाही. आणि सांगलीकरांना वेगळे सांगायला नको, तरी सांगतो: २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा संगणक आणि त्याच कपाटातील हार्ड डिस्क दोन्ही एकदमच बुडण्याचा धोका किती खरा आहे हे सर्वांना कळले. एक प्रत दुकानात आणि दुसरी वरच्या भागातील नातेवाइकाच्या घरी, अशी व्यवस्था असावी.

कुलूप, ड्रायव्हर आणि परतीची वाट

विंडोज ११ मधील डिस्क बहुधा बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने कुलूपबंद असते. बायोसमधील काही बदलले की पुढच्या वेळी लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच तेथे जाऊन ती वहीत उतरवून घ्यावी. लॅपटॉप ज्याच्या खात्याने सुरू केला तो मुलगा पुण्याला शिकायला गेलेला असतो आणि वडिलांना त्याचा पासवर्ड माहीत नसतो, अशी वेळ फार येते. फोन करून तो पासवर्ड काम सुरू करण्यापूर्वी मिळवावा.

ड्रायव्हरपैकी तीन गोष्टी आधीच पेनड्राइव्हवर असाव्यात: वायफायचा, टचपॅडचा आणि डिस्कचा. यांतील डिस्कचा ड्रायव्हर सर्वांत महत्त्वाचा आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी ही व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि विंडोज १० च्या इन्स्टॉलरला ती दिसत नाही. त्यासाठी इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर कंपनीच्या पानावरून उतरवून, त्याचे संकुचित पाकीट सोडवून, आतल्या फाइली स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

परतीच्या वाटेसाठी विंडोज ११ मध्येच रिकव्हरी ड्राइव्ह हा प्रोग्राम उघडून ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रणालीच्या फाइलींसह ड्राइव्ह तयार करावा. पुढे विंडोज ११ वर यायचे झाले, किंवा लॅपटॉप वॉरंटीत देताना मूळ स्थितीत द्यायचा झाला, तर तोच उपयोगी पडतो.

बूटेबल पेनड्राइव्ह

किमान ८ जीबीचा, रिकामा करता येईल असा दुसरा पेनड्राइव्ह घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील विंडोज १० च्या पानावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवावे, दुसऱ्या संगणकासाठी माध्यम तयार करण्याचा पर्याय निवडावा, ६४ बिट आवृत्ती आहे याची खात्री करावी आणि पेनड्राइव्ह निवडून पुढे जावे. काही जीबी माहिती उतरवायची असल्याने मोबाइलच्या डेटावर हे काम करू नये. फाइली ओळखीच्याकडून आणणे किंवा अनोळखी ठिकाणाहून "हलकी केलेली विंडोज" घेणे टाळावे. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे भरली जाणार, त्यावर काय बसले आहे हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे. तयार पेनड्राइव्हवरच डिस्कच्या ड्रायव्हरचे फोल्डर टाकून ठेवावे.

बसवणे

हळदीच्या सौद्यांच्या ऐन हंगामात किंवा मार्चअखेरीस हे काम काढू नये. वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि शिवाय चार्जर जोडलेला असावा. बाहेरची हार्ड डिस्क मात्र काढून बाजूला ठेवावी, म्हणजे ती चुकून पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही.

लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहावी; डेल, एसर आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ१२, एचपीवर एफ९ आणि आसुसवर एस्केप असते. यादीतून यूईएफआय (लॅपटॉप सुरू होण्याची नवी पद्धत) असा उल्लेख असलेला पेनड्राइव्ह निवडावा. सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयी बंद करण्याची गरज नाही. अधिकृत पेनड्राइव्ह ते चालू असतानाही सुरू होतो. डिस्कची विभागणी जीपीटी पद्धतीची असल्याने विंडोज बसवता येत नाही असा संदेश आला, तर पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झाला आहे असे समजावे आणि पुन्हा चालू करून यूईएफआयचा पर्याय निवडावा.

भाषा आणि कीबोर्ड निवडल्यावर की विचारली तर माझ्याकडे की नाही हा पर्याय घ्यावा, आणि आवृत्ती विचारली तर कागदावर लिहून ठेवलेली होम किंवा प्रो तीच निवडावी. पुढे कस्टम इन्स्टॉल निवडल्यावर डिस्कची यादी येते. ती रिकामी असेल तर घाबरू नये. लोड ड्रायव्हर दाबून ते फोल्डर दाखवले की एसएसडी दिसू लागते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही हे साधते, पण ते करायचे असेल तर विंडोज बसवण्याआधीच करावे, कारण नंतर ती मांडणी बदलली तर बसवलेली विंडोज सुरू होत नाही.

आता सर्वांत जपून करण्याचे पाऊल. यादीतील प्रत्येक ओळ तिच्या आकारासह वाचावी. शंभर ते काहीशे एमबीचा सिस्टिमचा भाग, १६ एमबीचा राखीव भाग, सी ड्राइव्हचा मोठा भाग आणि रिकव्हरीचा भाग अशी साधारण रचना असते. डी ड्राइव्ह वेगळा केलेला असेल आणि त्यात माहिती असेल तर त्या ओळीला स्पर्श करू नये. बाकीचे भाग एकेक करून डिलीट करावेत, तयार झालेल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून नेक्स्ट दाबावे. आवश्यक विभाग विंडोज स्वतःच करून घेते. लॅपटॉप पहिल्यांदा पुन्हा सुरू होईल तेव्हा पेनड्राइव्ह काढून घ्यावा, नाहीतर तीच प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते.

बसवल्यानंतर

वायफाय चालत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे; बहुतेक वेळा त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नंतर विंडोज अपडेट चालवावे, आणि ते पूर्ण झाल्यावर उरलेले ड्रायव्हर कंपनीच्या पानावरून घ्यावेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह एकही उरता कामा नये. सेटिंग्जमधील अपडेट अँड सिक्युरिटी, त्यातील अ‍ॅक्टिव्हेशन येथे परवाना चालू झाला आहे का ते तपासावे. झालेला नसेल तर बहुधा होमच्या जागी प्रो किंवा उलट बसलेले असते.

विस्तारित सुरक्षा योजनेची नोंदणी त्याच दिवशी करावी. आवृत्ती २२एच२ असली आणि प्रशासक खात्याने मायक्रोसॉफ्ट खात्यातून प्रवेश केला, की विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्ज त्या खात्याशी जोडून ठेवल्या तर नोंदणी मोफत होते. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड गुण किंवा ३० डॉलर हे पर्याय आहेत. संस्थेच्या डोमेनला जोडलेल्या संगणकांना मात्र ही घरगुती योजना लागू नाही.

फॉन्ट, टॅली, टोकन आणि प्रिंटर मांडून झाल्यावर दिवाणजींना बोलावून काट्यावर प्रत्यक्ष एक पोते ठेवावे, पडद्यावरील आकडा काट्यावरील आकड्याशी जुळतो का ते त्यांच्याकडूनच पाहून घ्यावे आणि एक पट्टी छापून तिच्यावरील मराठी अक्षरे वाचावीत. मग रिकव्हरी ड्राइव्हचा पेनड्राइव्ह आणि लिहून ठेवलेल्या कीचा कागद एका पाकिटात घालून, त्यावर "विंडोज ११ परत टाकण्यासाठी, १३ ऑक्टोबर २०२६ पूर्वी" असे ठळक लिहून ते पाकीट दुकानाच्या तिजोरीत ठेवावे.